मूठभर वस्त्यांतली पूर्वचाचणी देशभरच्या जनगणनेला कशी पुरते?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचं नाव प्रगणकांच्या, म्हणजे घरोघर जाऊन नोंद करणाऱ्यांच्या, यादीत लागलं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये देशात निवडक ठिकाणी जनगणनेची पूर्वचाचणी झाली, हे त्यांच्या वाचनात आलं. त्या विचारतात: 1872 पासून आपण माणसं मोजत आलो, मग आता चाचणी कसली? मूठभर वस्त्या तपासून 140 कोटींच्या देशाबद्दल काय कळणार? कळलं असेल तर आकडे कुठेच का नाहीत? आणि शेवटी, "शितावरून भाताची परीक्षा, तसंच ना हे?"

नाही ताई, तसं नाही. आणि तुमचे बाकीचे प्रश्न या एका समजातूनच निघालेत. भात शिजला का हे बघताना आपण पातेल्याच्या मधलं शित दाबतो, कारण बाकीचा भात तसाच असणार असा भरवसा असतो. नमुना पाहणी असं काम करते. पूर्वचाचणीत मात्र पातेल्याच्या कडेची, जिथे आच नीट पोचत नाही अशी शितं मुद्दाम वेचतात. भाताबद्दल तिला काही सांगायचंच नसतं. चूल, पातेलं आणि स्वयंपाकी यांचं कुठे बिनसतंय, तेवढं बघायचं असतं.

मी मध्य प्रदेशात बरीच वर्षं जनगणनेच्या प्रशिक्षणाचं आणि प्रत्यक्ष वस्तीत जाऊन तपासणी करण्याचं काम केलं; कागदी अनुसूचीच्या (छापील प्रश्नपत्रकाच्या) काळात केलं आणि मोबाइल ॲप आलं तेव्हाही. त्यामुळे खालचं बहुतेक दारात उभं राहून पाहिलेलं आहे. एक गोष्ट मात्र आधी सांगतो. चाचणीत नेमकं काय तपासतात हे दर जनगणनेला बदलतं. आपली जनगणना दोन टप्प्यांत होते: आधी घरयादी, म्हणजे घरं आणि त्यांतल्या सोयींची नोंद, मग प्रत्यक्ष लोकसंख्या गणना, म्हणजे एकेका माणसाची नोंद. मागच्या वेळी घरयादी एप्रिल ते सप्टेंबर 2010 मध्ये झाली आणि माणसांची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या दिवसांत. आता मोजणीची संदर्भ वेळ, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, 1 मार्च 2027 ची मध्यरात्र आहे. लडाख आणि हिमालयातल्या बर्फाळ भागांसाठी 1 ऑक्टोबर 2026. तुम्ही वाचलेली पूर्वचाचणी फक्त घरयादीची होती, 10 ते 30 नोव्हेंबर 2025. त्याआधी 1 ते 7 नोव्हेंबर लोकांना स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय दिली होती. म्हणजे मातृभाषा, स्थलांतर, जात हे दुसऱ्या टप्प्यातले प्रश्न त्यात नव्हतेच. कुणी तुम्हाला "जातीच्या प्रश्नाची चाचणी नोव्हेंबरात झाली" असं सांगितलं तर ते खरं धरू नका.

आता वस्त्या कशा निवडतात ते बघू. समजा मला इंदूर जिल्ह्यातून चार-पाच जागा काढायला सांगितलं, तर मी राजेंद्र नगरला शेवटी हात लावीन. आखीव प्लॉट, दारावर नावाची पाटी, आत चहा विचारणारं मराठी कुटुंब. तिथे सगळं सुरळीत पार पडेल आणि आपण काही न शिकता परत येऊ. तुलनेसाठी अशी एखादी वस्ती लागते, पण एकच. पहिली जागा मी सराफ्यामागच्या गल्लीत धरीन. खाली दुकान, मधल्या माळ्यावर कारागिरांची खोली, वर दोन भाऊ, त्यांचा जिना एक पण चुली दोन. इथे ‘जनगणना घर’ किती? नियम सांगतो की ज्या इमारतीला किंवा तिच्या भागाला रस्त्यावरून, सामायिक अंगणातून किंवा जिन्यातून स्वतंत्र मुख्य प्रवेश आहे आणि जो स्वतंत्र वापरात आहे, ते एक घर. नियम वाचायला स्वच्छ आहे. वाड्यात उभं राहिलं की दोन अनुभवी पर्यवेक्षकही वेगवेगळे आकडे सांगतात, आणि असा फरक आधीच सापडावा म्हणून तर तो वाडा निवडायचा.

दुसरी जागा भंवरकुआं. कोचिंगची मुलं, एका खोलीत तिघं, डबा लावलेला, स्वयंपाकघर नाहीच. कुटुंब म्हणजे जे साधारणपणे एकत्र राहतात आणि एकाच चुलीवरचं जेवतात ते. मग डबेवाल्या तीन मुलांचं एक कुटुंब की तीन? वसतिगृह असेल तर ते ‘संस्थात्मक कुटुंब’ (नात्याने नव्हे, संस्थेमुळे एकत्र राहणारी माणसं) होतं, पण घरमालकाने आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर आठ खोल्या भाड्याने दिल्या असतील तर तो त्याला वसतिगृह म्हणायला तयार नसतो. त्यात खंडव्याला बसलेली आई या मुलाचं नाव तिथल्या प्रगणकाला आवर्जून सांगते, कारण तिच्या लेखी तो घरचाच आहे. मोजणीच्या दिवसांत तो सगळा वेळ इंदुरात असेल तर त्याची नोंद इंदुरातच व्हायला हवी. हे आईला कसं विचारायचं, कुठल्या शब्दांत, हे दिल्लीत बसून ठरत नाही.

पुढे विजयनगरकडचे टॉवर, जिथे गेटवरचा गार्ड आत सोडत नाही आणि चार फ्लॅटमागे एकाला कुलूप असतं. सांवेर-देपालपूरकडे शेतातच राहणारी घरं, जी गावाच्या नजरी (हाताने काढलेल्या अंदाजी) नकाशात येतच नाहीत. महापालिकेत आलेली गावं, जिथे माणूस पत्ता विचारला की अजून गावाचं नाव सांगतो आणि वॉर्ड क्रमांक त्याला ठाऊक नसतो. महूसारख्या छावणीत निव्वळ लष्करी भागाची व्यवस्थाच वेगळी असते. अशा जागा देशभरातून घेतल्या की एकत्र केलेला आकडा निरर्थक असतो. वस्त्या मुळात अवघड म्हणूनच निवडलेल्या, मग त्यांच्या बेरजेवरून इंदूरबद्दल काय बोलणार? ‘आकडे कुठे आहेत’ याचं अर्धं उत्तर हे.

ही आपलीच पद्धत आहे असंही नाही. ब्रिटनने 2021 च्या जनगणनेची तालीम ऑक्टोबर 2019 मध्ये घेतली, ती लंडनच्या हॅक्नी आणि टॉवर हॅम्लेट्स या दाट, बहुभाषी भागांत, उत्तरेतल्या कार्लाइलमध्ये आणि वेल्सच्या केरेडिगियनमध्ये, जिथे घराघरात वेल्श चालते. अमेरिकेने 2020 आधीची मोठी चाचणी 2018 मध्ये तीन ठिकाणी करायचं ठरवलं होतं. पैसे कमी पडले आणि घरोघरी जाण्यासह पुढचे टप्पे ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स काउंटीत, एकाच जागी झाले. गळलेल्या जागांमध्ये वेस्ट व्हर्जिनियाचा डोंगराळ, विखुरलेल्या घरांचा भाग होता. माझ्या मते काटछाट करायचीच होती तर शहरी जागा गाळायला हवी होती. सांवेरच्या शेतातलं घर जसं आपल्याला शिकवतं, तसंच तिथलं.

आता दारात काय होतं ते. प्रगणक प्रश्न विचारतो, त्याच्या मागे एक निरीक्षक उभा असतो. तुम्हाला वाटेल तो उत्तरं तपासत असेल. त्याचं उत्तरांकडे फारसं लक्ष नसतं. प्रगणक छापलेला प्रश्न वाचतोय की आपल्या शब्दांत विचारतोय, समोरचा कुठे "म्हणजे?" म्हणतो, कुठे सासू एक सांगते आणि सून मान हलवते, कुठे प्रगणक न विचारताच बटण दाबतो, हे तो टिपत असतो. यातली शेवटची खूण सगळ्यांत महत्त्वाची. न विचारता भरलेलं उत्तर नंतर कागदावर किंवा पडद्यावर अगदी व्यवस्थित दिसतं; ते पकडायला दारातच उभं राहावं लागतं, किंवा दोन दिवसांनी दुसऱ्याला त्याच घरी पाठवून तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात.

यावेळच्या घरयादीत 33 प्रश्न आहेत. बरेचसे निरुपद्रवी दिसतात. ‘घरात विवाहित जोडपी किती?’ हा घ्या. मुलगा पुण्याला नोकरीला, सून आणि नातू इथे सासू-सासऱ्यांजवळ. सासरे बोटं मोजून सांगतात, "दोन." मुलगा या घरात राहत नसेल तर जोडपं कसं धरायचं? पण सासऱ्यांच्या मनात तो प्रश्न घराण्याबद्दलचा असतो, छपराबद्दलचा नव्हे. हा प्रश्न मुळात कशाला विचारतात तर प्रत्येक जोडप्याला वेगळी खोली मिळते का, घरांची टंचाई किती, हे कळावं म्हणून. कारण माहीत असलेला प्रगणक पुढचा छोटा प्रश्न बरोबर विचारतो: "दोघं इथेच राहतात ना?" हे अर्धं वाक्य सूचनापुस्तिकेत येतं ते अशा दारांतून.

पाण्याचं तसंच. इंदुरात नळाला नर्मदेचं पाणी एका वेळी येतं, उरलेल्या वेळी बोअरिंग, उन्हाळ्यात टँकर, आणि हे सगळं गच्चीवरच्या एकाच टाकीत पडून एकाच नळातून खाली येतं. ‘पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत?’ यावर "नळ" हे उत्तर खोटं नाही, पण निरुपयोगी आहे. नव्या प्रगणकाला इथे थांबून "टाकीत कुठून येतं?" असं विचारायचं सुचतच नाही, ते शिकवावं लागतं. ‘मुख्य धान्य कोणतं?’ या प्रश्नाला मात्र माळव्यात काही अडचण नाही, गहूच. पोहे तांदळाचे असतात म्हणून कुणी सकाळच्या बशीवरून "तांदूळ" सांगेल, अशी भीती एका प्रशिक्षणार्थीने व्यक्त केली होती. इंदूरला शोभणारीच शंका.

मोबाइल क्रमांकाचा प्रश्न यादीत सगळ्यांत शेवटी आहे, तो तिथेच हवा. फसवणुकीच्या बातम्या ऐकलेली माणसं तिथे आखडतात. तो आधी आला असता तर पुढच्या प्रत्येक उत्तरावर त्या संशयाची सावली पडली असती. क्रम बदलला की उत्तरं बदलतात. हे टेबलाशी बसून पटत नाही. दोन गल्ल्यांत दोन क्रमांनी विचारून पाहिलं की लगेच पटतं.

प्रश्नाच्या शब्दांनी आकडा किती हलतो याचा आपल्याच जनगणनेतला जुना धडा आहे. 1961 च्या तुलनेत 1971 मध्ये काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या बायका शेतातून घरी बसल्या नव्हत्या. 1971 ला माणसाचा ‘मुख्य उद्योग’ आधी विचारला गेला, आणि शेत, गुरं, चूल सगळं करणाऱ्या बाईचा मुख्य उद्योग म्हणून घरकाम लिहिलं गेलं. 1991 ला प्रश्नातच ‘शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरून’ असे शब्द घातले. 150 वर्षांच्या अनुभवाला चाचणी कशाला, असं तुम्ही म्हणता. तर अनुभव मोजण्याचा असतो, आणि या वेळचा प्रश्न नवा असतो.

आता यंत्रणेबद्दल थोडं. वेळ हा त्यातला सगळ्यांत रुक्ष आणि सगळ्यांत निर्णायक भाग. 2011 ला देशात सुमारे 24.67 कोटी कुटुंबं होती. प्रत्येक दारात एक मिनिट वाढलं तर जवळपास 41 लाख तास वाढतात. तुमच्या वाट्याला साधारण 700 ते 800 वस्तीचा ब्लॉक, म्हणजे एका प्रगणकाला नेमून दिलेला भाग, येईल. दीडशेच्या वर दारं झाली, आणि दर दारात पाच मिनिटं जास्त म्हणजे बारा-तेरा तास, तेही शाळा सुटल्यावरचे. म्हणून चाचणीत कोणत्या प्रश्नावर किती सेकंद जातात हे ॲपमधून काढून बघतात. फार वेळ लागला तर प्रश्न अवघड आहे. फार कमी लागला तर तो विचारलाच गेला नाही.

स्वतः माहिती भरण्याच्या सोयीबद्दल लोक विचारतात की किती जणांनी भरली. तो आकडा चाचणीत गौण असतो. खरी कसोटी नंतर येते: प्रगणक दारात गेल्यावर घरातला मुलगा माहिती भरल्यावर मोबाइलवर मिळालेला ओळख क्रमांक दाखवतो, पण त्याने भरलेलं घर आणि नकाशावरचं घर जुळत नाही, खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूने घरमालकाच्या घराची खूण टाकलेली असते. तिथे प्रगणक काय करतो, कुणाला फोन करतो, तो फोन उचलला जातो का? बहुतेक यंत्रणा ॲपच्या पडद्यावर बिघडत नाहीत, या फोनवर बिघडतात.

जातीच्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुढच्या टप्प्यात सगळ्यांत जास्त ताण तिथे येणार आहे. जनगणनेत जातवार मोजणी घ्यायचा निर्णय केंद्राने 30 एप्रिल 2025 ला जाहीर केला. सगळ्या जातींची नोंद यापूर्वी 1931 मध्ये झाली होती आणि तेव्हा 4,147 जाती नोंदल्या गेल्या. 2011 मध्ये जनगणनेपासून वेगळी अशी सामाजिक-आर्थिक व जात पाहणी झाली. तिच्यात जातींची म्हणून 46 लाखांहून अधिक नावं आली. केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात महाराष्ट्राचंच उदाहरण आहे: राज्याच्या याद्यांमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून 494 जाती, आणि पाहणीत सापडल्या 4,28,677.

लोकांनी खोटं सांगितलं म्हणून हे झालं नाही. जागा मोकळी होती. प्रगणकाने जे ऐकलं ते, जसं ऐकलं तसं लिहिलं. एकच जात दहा स्पेलिंगांनी आली. कुणी पोटजात सांगितली, कुणी कुळ, कुणी गोत्र, कुणी आडनाव. पाटील, देशमुख ही वतनाची नावं कित्येक जातींत आहेत. ती जात म्हणून लिहिली गेली की नंतर कोणताही संगणक त्यातून जात काढू शकत नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आणखी एक पेच आहे. हिंदीभाषक प्रगणकाला "आम्ही मराठी" हे उत्तरही जातीच्या रकान्यात पुरेसं वाटू शकतं. शिवाय याद्या राज्यवार आहेत. अनुसूचित जाती-जमातींची नोंद त्या त्या राज्याच्या यादीप्रमाणे होते, त्यामुळे नागपूरकडून आलेल्या कुटुंबाला तिथल्या यादीतलं नाव इथे तसंच चालेल असं नाही. अशा ठिकाणी तयार यादीतून निवडायला दिलं तर स्पेलिंगचा प्रश्न सुटतो, पण यादीत नाव न सापडणारा माणूस ‘जवळचं’ नाव निवडतो आणि आपल्याला ते कधीच कळत नाही. मोकळी जागा ठेवली तर 2011 पुन्हा. कोणता दोष परवडेल, हे ठरवायला दोन्ही पद्धती दारात वापरून बघण्याखेरीज मार्ग नाही. माझं मत विचाराल तर यादी हवी, ‘इतर’ची जागा हवी, आणि ‘इतर’ किती भरलं जातं यावर रोज संध्याकाळी कुणीतरी नजर ठेवायला हवी.

मातृभाषेचा प्रश्नही पुढच्याच टप्प्यातला. तो प्रगणक सगळ्यांत सहज ‘न विचारता’ भरतात, म्हणून चार ओळी. तुम्ही रामबागेत दार वाजवलंत, आजोबांनी सफाईदार हिंदीत उत्तरं दिली, की बोट आपोआप हिंदीवर जातं. व्याख्या अशी आहे की बालपणी आई जी भाषा तुमच्याशी बोलली ती. आई लहानपणीच गेली असेल तर बालपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी. ती घरातल्या प्रत्येकाची वेगवेगळी विचारायची असते. आजोबांची मराठी, सुनेची माळवी, नातवाची हिंदी, असं एका घरात अगदी शक्य आहे. 2011 मध्ये माळवी सांगणारे सुमारे 52 लाख होते. प्रकाशित तक्त्यात ते हिंदीच्या गटात बसवले जातात, पण प्रगणकाने गट करायचा नसतो, सांगितलं ते लिहायचं असतं.

एवढं सगळं तपासूनही काही गोष्टी पूर्वचाचणीला दिसतच नाहीत. एक म्हणजे भार. दोन-चार हजार घरांची माहिती नीट चढली म्हणून कोट्यवधींची चढेलच असं नाही. ऑस्ट्रेलियात 9 ऑगस्ट 2016 च्या रात्री लोक ऑनलाइन अर्ज भरायला बसले, सेवा अडवणारे हल्ले झाले, एक राउटर बिघडला आणि संकेतस्थळ सुमारे 40 तास बंद राहिलं. वस्तीतल्या चाचणीत असलं काही उघडं पडत नाही. त्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागते, आणि तिथे यंत्रं मुद्दाम बंद पाडून बघायची असतात. दुसरी गोष्ट वातावरण. चाचणीच्या वेळी ना जाहिराती असतात, ना अफवा. प्रत्यक्ष जनगणनेत दोन्ही जोरात.

आणि तिसरी: किती माणसं सुटली. ते मोजणीनंतरच्या स्वतंत्र फेरतपासणीतून कळतं. 2011 च्या तपासणीत दर हजारी निव्वळ 23 जण सुटले असा अंदाज निघाला. तुम्ही ज्या अर्थाने ‘भाताची परीक्षा’ म्हणता ती परीक्षा खरं तर ही; तिचा नमुना शास्त्रशुद्ध असतो आणि तिचे आकडे प्रसिद्धही होतात.

चाचणी शिळी होते, हेही ध्यानात घ्यायला हवं. 2021 च्या जनगणनेसाठी 12 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर 2019 अशी पूर्वचाचणी झाली होती. घरयादी 1 एप्रिल 2020 पासून सुरू व्हायची होती. कोविड आला आणि सगळं थांबलं. तेव्हाचे निष्कर्ष आज जसेच्या तसे वापरता आले नसते. तेव्हा 31 प्रश्न होते, आता 33. मधल्या काळात लोकांचे फोन बदलले, भाडेकरू बदलले, फोनवर माहिती द्यायची भीती बदलली. म्हणून 2025 मध्ये पुन्हा. हा खर्च वाया गेला असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण 2019 ला काय सापडलं याचा सविस्तर, सर्वांना वाचता येईल असा अहवाल लगेच आला असता तर तुमच्यासारख्यांचा निम्मा संशय मिटला असता. आकडे दडवणं योग्य, कारण ते दिशाभूल करतील; कोणता प्रश्न कुठे अडखळला हे सांगण्यात मात्र कसलीच अडचण नाही.

कायद्याचा मुद्दा लोक नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. जनगणना अधिनियम 1948 चं कलम 17अ सरकारला पूर्वचाचण्या, घरयादी आणि नंतरच्या तपासण्यांना हाच कायदा लागू करण्याचा अधिकार देतं. तो लागू झाला की कलम 15 ची गोपनीयताही येते: तुमची वैयक्तिक नोंद कुणाला बघायला मिळत नाही आणि पुरावा म्हणून वापरता येत नाही. चाचणीत दिलेली माहिती त्यामुळे कमी सुरक्षित नसते. पण ती पुढे धरलीही जात नाही. चाचणी झालेल्या भागात तुमचा कुणी नातेवाईक असेल आणि "आमचं झालं" म्हणत असेल, तर त्याला सांगा की त्याच्या घरी पुन्हा येतील आणि पुन्हा सगळं सांगावं लागेल.

आता तुमच्यापुरतं. प्रशिक्षणात सूचनापुस्तिका वाचताना व्याख्यांपेक्षा त्यातली उदाहरणं नीट वाचा. बहुतेक उदाहरणं कुठल्या तरी चाचणीतल्या भांडणातून आलेली असतात. काम सुरू होण्याआधी आपल्या ब्लॉकची हद्द दिवसाउजेडी चालून या, नकाशावर विसंबू नका. दारात एखादा प्रश्न अडला तर अंदाजाने भरून पुढे जाण्यापेक्षा पर्यवेक्षकाला पहिल्याच दिवशी विचारा, कारण साधारण सहा प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक असतो आणि तुमची शंका बाकी पाचांचीही असते. शंका लिहून देताना घर क्रमांक आणि प्रश्न क्रमांक दोन्ही लिहा. "पाण्याच्या प्रश्नात अडचण येते" एवढंच लिहिलं तर चार्ज ऑफिसात (तुमच्या भागाच्या जनगणना कचेरीत) ते वाचून कुणाला काही करता येत नाही.